तात्पुरतं कार्ड

मुलाला सारखी रातपाळी लागली की त्याची आई दूधवाल्याच्याही आधी तुमच्या दारात येऊन उभी राहते, ही गोष्ट कॉम्प्युटरच्या प्रशिक्षणात मला कुणी शिकवली नव्हती. बाकी पुष्कळ शिकवलं होतं. कार्डांना भोकं कशी पाडायची, ती यंत्राला कशी भरवायची, यंत्राने एखादं कार्ड चावलं तर ते त्याच्या तोंडातून कसं सोडवायचं, सगळं. जाईबाईंचं काय करायचं, ते मात्र अभ्यासक्रमात नव्हतं.

"जय भीम, साहेब. येऊ का आत?" असं विचारत जाईबाई आत येऊन बसल्यासुद्धा.

जाईबाई आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये राहायच्या. संत तुकाराम नगरात तेव्हा निम्मी वस्ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या कामगारांची होती आणि त्यातले बरेचसे आमच्या कंपनीतले. त्यांचा मुलगा भिवा आमच्याच फाउंड्रीत भट्टीवर होता. वैशाखात त्याचं लग्न झालं, आम्ही जेवून आलो होतो. आता श्रावण चालू होता.

"लगीन झाल्यापासनं पोरगं रातपाळीला हाय," जाईबाई म्हणाल्या. "दर शनिवारी तक्ता लागतो आन् दर शनिवारी रातपाळी. दिवसा ह्यो झोपलेला, ती कामात. रातच्याला ती घरात, ह्यो कंपनीत. दोघांची गाठ कवा पडायची? सणावाराला?"

आत स्वयंपाकघरात काहीतरी भांडं पडलं. नीला, म्हणजे माझी बायको, हसू आलं की भांडं पाडते.

"जाईबाई, पाळ्या मी लावत नाही. कॉम्प्युटर लावतो."

"आन् कॉम्प्युटरला कोन लावतं?"

मी भिवाचा टोकन नंबर, म्हणजे कंपनीतला त्याचा क्रमांक, तेवढा लिहून घेतला.

कॉम्प्युटर येण्याआधी पाळ्यांचा तक्ता टाइम ऑफिसमधले एक कारकून हाताने लिहीत. त्यांच्याशी बोलता यायचं. चहा पाजता यायचा, गावच्या हुरड्याला बोलावता यायचं, आणि मग पाळीचं जमून जायचं. साल बहात्तरमध्ये कंपनीने भाड्याने कॉम्प्युटर आणला. त्याच्यासाठी गार हवेची खोली बांधली आणि तिच्याबाहेर चपला काढायची पाटी लावली. त्या विभागाचे प्रमुख साहेबराव. नावातच साहेब असल्यामुळे त्यांना नुसतं 'साहेब' म्हटलं तर सलगी वाटे आणि 'साहेबराव' म्हटलं तर अपमान, म्हणून सगळे 'साहेबराव साहेब' म्हणत. महत्त्वाची कामं वरिष्ठांनी वाटून घेतली आणि उरलेलं पाळ्यांचं काम मला दिलं. मी ते नीट करणार होतो. पण साहेबराव साहेबांनी परस्पर वर सांगून टाकलं होतं की एक तारखेपासून तक्ता कॉम्प्युटर काढणार. त्यामुळे मला जो वेळ मिळाला त्यात जेवढं नीट होतं तेवढं झालं.

भिवाचं प्रकरण शोधायला फार वेळ लागला नाही. कामगारांचे अ, ब, क असे गट होते आणि गटांप्रमाणे पाळी दर आठवड्याला फिरायची. भिवा नव्याने कायम झालेला, त्याच्या कार्डावर गटाची जागा कुणी भरलीच नव्हती. यंत्र कोऱ्या जागेला शून्य समजतं. शून्य कुठल्याच गटात बसत नाही. आणि जो कुठेच बसत नाही त्याला, उरलेली म्हणून, तिसरी पाळी. यंत्राचा त्यात भिवाच्या संसाराविरुद्ध काही डाव नव्हता.

मी साहेबराव साहेबांकडे गेलो. म्हटलं, "हे मुळापासून दुरुस्त करायला हवं. अशा कोऱ्या जागा आणखी निघतील. मला तीनेक आठवडे द्या."

"तक्ता शनिवारी लागला पाहिजे."

"हो, पण..."

"जयसिंगराव, माणूस एक आहे ना? मग एक कार्ड टाका. ह्या टोकन नंबरला फर्स्ट शिफ्ट. संपलं. सावकाश मुळापासून करू की."

"मग त्याला कायमच फर्स्ट लागेल."

"महिन्याभराने काढून टाकू."

मी कार्ड टाकलं. वेगळं ओळखू यावं म्हणून गुलाबी रंगाचं घेतलं आणि मागे पेन्सिलीने लिहिलं, 'तात्पुरतं'. प्रोग्रॅमच्या पांढऱ्या गठ्ठ्याच्या शेवटी ते बसवलं. यंत्राने आधी सगळ्यांना नियमाप्रमाणे पाळ्या वाटल्या आणि शेवटी गुलाबी कार्ड वाचून भिवाला पहिली दिली. शनिवारी संध्याकाळी जाईबाईंनी आमच्याकडे पुरणपोळ्यांचं ताट पाठवलं.

तिथून बिघडलं.

पुरणपोळीचा वास आमच्या बिल्डिंगच्या तिन्ही मजल्यांवर गेला. शेजारचे दत्तोबा, टूलरूमचे फोरमन, जगातल्या प्रत्येक विषयावर सल्ला देण्याचं कंत्राट घेतलेला माणूस, लगेच आले. "कुणाला पाळी बदलून देता म्हणे?" मी म्हटलं, बदलून देत नाही, चूक दुरुस्त केली. "तेच ते," दत्तोबा म्हणाले. "पण मी सांगतो, दार लावून घ्या. आणि मशिनपुढे एक नारळ फोडा." मी म्हटलं, आमच्याकडे नारळ फोडत नाहीत. "मग वंदना म्हणा. काहीतरी करा. रिकामं ठेवू नका." एवढं सांगून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "आमच्या मेहुण्याचं पण जरा बघता का?"

पुढच्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे जी माणसं आली त्यांच्यात खोटं बोलणारा जवळजवळ कुणी नव्हता, हीच खरी अडचण होती. चऱ्होलीचे दोन भाऊ आले. दोघांत सायकल एक. एकाची पाळी सुटली की तो घरी जाणार आणि त्याच सायकलवर दुसरा येणार. दोघांना एकच पाळी लागली तर एकाने चालत यायचं. चऱ्होलीहून पिंपरीला. यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? बांधावरून कोर्टात गेलेले दोन चुलतभाऊ होते. दोघेही लोखंड ठोकायच्या मोठ्या हातोड्यावर काम करणारे. ते एका पाळीला नसलेलेच बरे, असं त्यांच्या फोरमनने स्वतः येऊन सांगितलं. एकाला संध्याकाळच्या शाळेत शिकायचं होतं. एकाची आई अंथरुणाला खिळलेली, तिच्याजवळ रात्री कुणीतरी हवं.

दर वेळी मी साहेबराव साहेबांना म्हणायचो, हे मुळापासून करायला हवं. दर वेळी ते म्हणायचे, शनिवारी तक्ता लागला पाहिजे. आणि एक कार्ड वाढायचं. गुलाबी कार्डं संपली तेव्हा स्टोअर्सने पिवळी पाठवली. पुढे एकदा साहेबराव साहेबांनी आपल्या ड्रायव्हरसाठी निळं कार्ड माझ्या पश्चात स्वतःच घातलं. ते मला कळलं ते केवळ त्यांनी ते उलटं घातल्यामुळे.

कॉलनीत मला 'पाळीवाले साहेब' असं नाव पडलं. माझी त्याला हरकत नव्हती. पण नीला शाळेत शिकवायची, आणि एकदा वाण्याच्या दुकानात चार बायकांत कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "पाळीची काही तक्रार असेल तर ह्यांच्या मिस्टरांना भेटा, लगेच नीट करून देतात." त्या दिवसापासून आमच्या घरात त्या शब्दाला बंदी झाली. आम्ही 'शिफ्ट' म्हणू लागलो.

त्याच सुमारास नीलाने मला एक कार्ड घालायला सांगितलं. तिने कधी कुणासाठी शब्द टाकला नव्हता, म्हणून मी चकित झालो. सावित्रीबाई म्हणून एक होत्या. त्यांचा नवरा कोंडीराम आमच्या यार्डात ट्रॉली ओढायचा. "त्यांना तिसरी नको. एवढंच," नीला म्हणाली. "आणि कारण विचारू नका." मी विचारलं नाही. मला वाटलं, बायकांचं आपापसांतलं काहीतरी असेल. अशा वेळी न विचारण्याला मी समंजसपणा समजायचो.

मध्ये भिवाने रेल्वेत नोकरी धरली आणि तो बायकोला घेऊन दौंडला गेला. मी म्हटलं, चला, निदान एक कार्ड काढता येईल. पण तोवर कंपनीत पद्धतशीरपणा आला होता. कॉम्प्युटरमध्ये कसलाही बदल करायचा तर पर्सोनेल विभागाची लेखी मंजुरी लागे. मी अर्ज केला. पर्सोनेलच्या अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"हे कार्ड घातलं तेव्हाचा मंजुरी क्रमांक?"

"तेव्हा मंजुरी लागत नव्हती. तोंडी सांगितलं होतं."

"म्हणजे आमच्या दृष्टीने हे कार्ड नाहीच."

"पण ते आहे."

"असेल. पण नसलेलं कार्ड काढायला मी मंजुरी कशी देऊ? तुम्ही असं करा, आधी ते घालण्याचा अर्ज द्या. तो मंजूर झाला की काढण्याचा द्या."

मी घालण्याचा अर्ज दिला. तो नामंजूर झाला. एकाच माणसाला कायम पहिली पाळी देणं नियमात बसत नाही, असा शेरा आला. शेरा अगदी बरोबर होता. म्हणजे आता ते कार्ड घालायलाही परवानगी नव्हती आणि काढायलाही. ते आपलं तिथेच राहिलं.

आणि भिवाचा टोकन नंबर आबाजीला मिळाला. आबाजी भट्टीवरच नवा भरती झालेला, त्याच्याकडे दोन म्हशी. म्हशी फक्त त्यालाच धार काढू देत, आणि ती सकाळीच. पहिल्या पाळीसाठी सगळी कंपनी माझ्या दारात येत होती आणि हा एकटा ती नको म्हणून आला. "साहेब, कुनाच्या डोळ्यावर आलोय मी?" तो म्हणाला. "दर आठवड्याला फस्ट. म्हशी आटायला लागल्या." मी त्याला कोऱ्या जागेची, शून्याची, भिवाच्या लग्नाची सगळी हकीकत समजावून सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्या भिवाचं लगीन झालं ह्यात माज्या म्हशींचा काय दोष?"

भिवाचं कार्ड काढता येत नव्हतं, म्हणून त्याच्या मागे आबाजीचं कार्ड बसवलं. यंत्र आधी त्याला पहिली द्यायचं आणि मग ती काढून घेऊन दुसरी द्यायचं. कार्डांचा क्रम कुणी चुकवला नाही तोवर हे ठीक चाले. कार्डांना रबर लावलेलं होतं. रबर तुटायचं.

शेवटी व्हायचं ते भट्टीवर झालं. भट्टी सांभाळणारे म्हणून जे ठरावीक लोक होते त्यांच्या नावांची कार्डं वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कारणांनी, एकेक करून पडली होती. एकाला मुलाची शाळा, एकाला पाठदुखी, आबाजीला म्हशी. प्रत्येक कार्ड एकेकटं पाहिलं तर शहाणपणाचं होतं. पण एका सोमवारी असा योग आला की तिसऱ्या पाळीला भट्टीवर एकही माणूस उरला नाही. तक्त्यावर तसं स्पष्ट छापलं होतं, पण तक्त्यात स्वतःचं नाव सोडून दुसरं कोण वाचतो? मंगळवारी सकाळी पहिली पाळी आली तेव्हा भट्टीतलं लोखंड भट्टीतच थिजून बसलं होतं. ते फोडून काढायला छिन्न्या-हातोडे घेऊन माणसं लावली आणि फाउंड्री बंद पडली.

कारखान्याचे मुख्य, ज्यांना सगळे वर्क्स साहेब म्हणत, त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. तिथून हातोड्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"साहेब, सोपं आहे," साहेबराव साहेब म्हणाले. "एक कार्ड टाकू. भट्टीवर निदान एक माणूस असलाच पाहिजे."

मी आजवर वरिष्ठांपुढे आवाज चढवलेला नाही. तेव्हाही चढवला नाही असं मला वाटतं. पण दाराबाहेरच्या शिपायाने नंतर मला पाणी आणून दिलं.

"मुळापासून करायला किती दिवस?" वर्क्स साहेबांनी विचारलं. मी तीन महिने सांगितले. त्यांनी दोन दिले. मला खरोखर दोनच लागणार होते. एवढं वरिष्ठांकडून मी शिकलो होतो.

ते दोन महिने माझ्या नोकरीतले सर्वांत सुखाचे. मी नवा प्रोग्रॅम लिहिला. त्यात एकही अपवाद नव्हता. कोरी जागा दिसली की यंत्र थांबायचं आणि विचारायचं. भट्टीवर, बॉयलरवर प्रत्येक पाळीला माणूस आहे की नाही हे ते स्वतः तपासायचं. प्रत्येकाला पहिली, दुसरी, तिसरी, पुन्हा पहिली. साहेब असो, शिपाई असो, दत्तोबांचा मेहुणा असो. पहिला तक्ता मी घरी आणून नीलाला वाचून दाखवला. तिने डाळ निवडता निवडता बराच वेळ ऐकला आणि विचारलं, "यात गोष्ट कुठे सुरू होते?"

जुनी रंगीत कार्डं आता निकामी झाली होती. दणकट, एका बाजूने लिहायला मोकळी. फेकून देणं जिवावर आलं, म्हणून मी ती वाण्याची यादी लिहायला कॉलनीत वाटली.

तक्ता लागला आणि माझ्या दारात सगळी कॉलनी आली. मी मात्र ठरवलं होतं. सगळ्यांना एकच वाक्य: "नियम सर्वांना सारखा." नीला शाळेत गेलेली असताना सावित्रीबाईही येऊन गेल्या. त्या खिडकीशी उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. "ताई न्हाईत व्हय? त्यास्नी तिसरी लागलीया," असं काहीसं म्हणाल्या. मी त्यांना नियम सांगितला. त्या पदर सावरून गेल्या. त्यांनी वाद घातला नाही याचं मला उलट कौतुक वाटलं.

पहिल्याच आठवड्यात चऱ्होलीचे दोघे भाऊ डबलसीट येताना ओढ्यात पडले. पाठोपाठ ते दोघे चुलतभाऊ हातोड्याशी समोरासमोर आले आणि त्यांना सोडवायला गेलेल्या फोरमनचा दात गेला. मी म्हणत होतो, सुरुवातीला असं व्हायचंच. मग गुरुवारी बातमी आली की कोंडीराम रात्री यार्डातून ट्रॉली नेताना केबलसाठी खणलेल्या चरात पडला आणि त्याचा पाय मोडला.

नीलाने त्या दिवशी भांडं पाडलं नाही. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, तिसरी नको म्हणून."

"तू कारण सांगितलं नव्हतंस."

"तुम्ही कार्ड काढताना विचारलं नाहीत."

दवाखान्यात कोंडीराम पाय टांगून पडला होता. मावळातला माणूस, पन्नाशीचा, अंगाने दांडगा. माझ्याकडे पाहून त्यानेच मला स्टूल दाखवलं.

"बसा, साहेब. तुमी कशाला आलात?"

मी विचारलं, "चर दिसला नाही का?"

कोंडीरामने आधी आजूबाजूच्या खाटांकडे पाहिलं. "दिवे लागले की मला दिसत न्हाई," तो हळू आवाजात म्हणाला. "पुसट पुसट दिसतं. शेडमंदी लाइट हाय, तितं भागतं. यार्डात समदा अंधार. दुसऱ्या पाळीला दिस मावळायच्या आत यार्डातलं उरकून घेतो, तिसरीला ते जमत न्हाई. ल्हानपनापासनं हाय हे."

"मग सांगायचं होतं."

"कुनाला? कंपनीच्या डाक्टरला? सांगितल्याच्या दुसऱ्या दिशी टोकन जमा करून घेतील. दोन पोरींची लग्नं व्हायचीत." मग तोच माझी समजूत काढल्यासारखा म्हणाला, "तुमचं कार्ड लई चांगलं चालत हुतं."

मी बसने घरी आलो. आजवर मी त्या रंगीत कार्डांना घाण समजत होतो. पांढऱ्या गठ्ठ्यात काय आहे ते मला ठाऊक होतं, कारण ते मी लिहिलं होतं. रंगीत गठ्ठ्यात कॉलनी होती आणि ती मी वाण्याच्या यादीसाठी वाटून टाकली होती.

ती परत गोळा करायला मी घरोघर गेलो. या कामात जी शोभा झाली ती सांगण्यासारखी नाही, तरी थोडी सांगतो. एक कार्ड डगमगत्या कपाटाच्या पायाखाली होतं. ते काढलं तर कपाट हलेल म्हणून बाईंनी आधी दुसरं काहीतरी आणून द्यायला लावलं. काही मुलांच्या पुस्तकांत खुणेसाठी होती. दत्तोबांनी एकाला भोकांतून दोरा ओवून कंदिलाची झालर केली होती आणि ती सोडायला ते तयार नव्हते. कार्ड हातात आलं की त्यावरचा टोकन नंबर पाहायचा, त्या माणसाच्या घरी जायचं आणि विचारायचं, तुमचं कारण अजून आहे का? कित्येकांचं नव्हतं. संध्याकाळची शाळा संपून दोन वर्षं झाली होती. अंथरुणाला खिळलेली आई गेली होती. तो माणूस खूप वेळ आईबद्दलच बोलत बसला. बांधाचा दावा मात्र वरच्या कोर्टात गेला होता. काही कार्डांचं कारण ती ज्यांच्यासाठी पडली त्यांनाही आठवेना.

मग मी तिसऱ्यांदा तोच प्रोग्रॅम लिहायला बसलो. नियम कायम ठेवले. पण अपवादालाही आत जागा ठेवली. प्रत्येक अपवादाचं एक कार्ड, आणि त्यावर दोन गोष्टी असल्याच पाहिजेत: कारण आणि शेवटची तारीख. तारीख उलटली की कार्ड आपोआप बाद. हवं असेल तर माणसाने पुन्हा यावं आणि पुन्हा सांगावं. भट्टी मोकळी पडत असेल तर यंत्र तो अपवाद मानणार नाही, आधी विचारील. या वेळी साहेबराव साहेबांनी तक्त्याची घाई केली नाही. जबड्याला पट्टी बांधलेला फोरमन त्यांच्या केबिनसमोरून रोज जात असे.

सगळं जमलं आणि कोंडीरामच्या कार्डाशी येऊन अडलं. तो काठी टेकत घरी आला होता.

"कारण लिहावं लागतं?" त्याने विचारलं.

"लागतं. कोरं ठेवलं तर यंत्र थांबेल. मीच तसं केलंय."

"आन् ते पर्सोनेलवाले वाचत्यात?"

"दर महिन्याला यादी जाते त्यांच्याकडे."

कोंडीरामने काठी या हातातून त्या हातात घेतली. सावित्रीबाई नीलाकडे पाहत होत्या. मी माझ्या प्रोग्रॅमकडे, म्हणजे समोरच्या कागदाकडे, पाहत होतो. किती विचार करून मी ती जागा ठेवली होती! यापुढे या कारखान्यात कारण नसलेलं एकही कार्ड राहणार नाही, असं मी वर्क्स साहेबांना लिहून दिलं होतं.

"'घरगुती' लिहा," नीला म्हणाली.

"घरगुती हे काय कारण झालं?"

"मग खोटं आहे का?"

मी 'घरगुती' लिहिलं. यंत्राने ते बिनतक्रार वाचलं. ट्रॉलीची जागा बदलून आता त्याला शेडच्या आतलं काम मिळावं एवढं मी त्याच्या फोरमनकडे वेगळं बोललो, पायाचं निमित्त सांगून.

हे कारण चालतं ही बातमी कॉलनीत पसरायला आठवडाही लागला नाही. वर्षभरात निम्म्याअधिक कार्डांवर 'घरगुती' आलं. कुणाच्या घरी नवरा-बायकोचं पटत नव्हतं, कुणाच्या घरी फारच पटत होतं, कुणाला दारूच्या गुत्त्यावरून जाणारा रस्ता रात्री टाळायचा होता. हे मला कळलं ते त्यांनी सांगितलं म्हणून. मी विचारणं सोडलं होतं. पण तारीख मात्र मी कुणालाही सोडली नाही. मार्च संपला की सगळी कार्डं बाद. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या जिन्यावर रांग लागे आणि दत्तोबा ती शिस्तीत लावत. ज्यांना गरज उरली नव्हती ते आले नाहीत, आणि त्यांची कार्डं कुणाच्या मंजुरीशिवाय गेली. पर्सोनेलच्या अधिकाऱ्यांनी याला आक्षेप घेतला की कार्ड आपोआप जात असेल तर सही कुणाची? मी म्हटलं, मार्च महिन्याची.

पुढे मुंबईहून तपासणीला एक गृहस्थ आले. त्यांनी यादी चाळली, पेन्सिल कानामागे लावली आणि मला विचारलं, "तुमच्या कामगारांच्या घरी एवढं चाललंय तरी काय?"

"जे सगळ्यांच्या घरी चालतं ते," मी म्हटलं.

त्यांनी यादी मिटली आणि दुसऱ्या विभागाची फाइल मागवली.

तो प्रोग्रॅम मग वर्षानुवर्षं चालला. यंत्र बदललं, खोलीचं गार हवेचं मशिन दोनदा जळालं, साहेबराव साहेबांनी त्यावर पुण्यात एक भाषण दिलं आणि त्यात 'आम्ही सुरुवातीपासून मुळावरच भर दिला' असं सांगितलं. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

एक्याऐंशी साली कोंडीराम निवृत्त झाला. दोन्ही मुलींची लग्नं होऊन गेली होती. त्या मार्चअखेर त्याचं कार्ड बाद झालं आणि नवं घालायला कुणी आलं नाही. शनिवारी तक्ता निघाला, बरोबर निघाला. त्याच आठवड्यात कँटीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. कोंडीरामच्या खात्यातल्या लोकांनी वर्गणी काढली होती. त्यांना त्याच्या डोळ्यांचं काही माहीत नव्हतं. आठ-नऊ वर्षं कुणालाच माहीत झालं नाही. साहेबराव साहेब प्रमुख पाहुणे. त्यांनी त्याला हार घातला आणि भेटीचं खोकं हातात दिलं. टाळ्यांत त्याने ते उघडलं.

आत तीन सेलची मोठी बॅटरी होती. हातभर लांब, चकचकीत.

"गावाकडे अंधार असतो," त्याचा फोरमन कौतुकाने म्हणाला.

कोंडीरामने ती हातात उलटीसुलटी करून पाहिली, खटका दाबला आणि भर दुपारी तिचा झोत सगळ्या कँटीनभर फिरवत आणून माझ्या तोंडावर थांबवला.

"लई उपेगाची वस्तू दिलीत," तो म्हणाला. "ह्यी जरा आधी मिळाली असती तर काही लोकांचं काम वाचलं असतं."

सगळे गंभीरपणे माना हलवत होते. मी एकटा मोठ्याने हसलो, आणि साहेबराव साहेबांनी व्यासपीठावरून माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू निरोपाच्या प्रसंगी कसं वागावं हे या माणसाला अजून कुणी शिकवलेलं नाही.